मुलांची बाग: 'किंडरगार्टन' या शब्दाची जन्मकथा

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगियाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावात १८३७ साली फ्रीडरिश फ्रोबेल नावाच्या पंचावन्न वर्षांच्या शिक्षकाने एक संस्था काढली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर तो साधारण असा: 'बालक व कुमार यांच्या कृतिप्रेरणेच्या जोपासनेसाठीची संस्था'. तिथे लाकडी ठोकळे आणि लोकरीचे चेंडू तयार होत, ते मुलांच्या हाती कसे द्यायचे याची पत्रकं छापली जात, आणि पुढच्या दोन वर्षांत गावातली चिमुरडी तिथे खेळायला जमू लागली. मुलं रमली, आयांनाही बरं वाटलं. नाव मात्र कुणाच्या तोंडी बसेना. सकाळी पोराचं तोंड धुऊन त्याला 'कृतिप्रेरणेच्या जोपासनेसाठीच्या संस्थेत' पाठवते असं कोणती आई म्हणणार?

फ्रोबेललाही ते नाव खुपत होतं. नवं नाव त्याला सापडलं १८४० साली, चालता चालता. त्या वेळची हकिगत योहानेस बारोप या त्याच्या सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवली आहे. कायलहाऊ या गावी फ्रोबेलने पूर्वी काढलेली निवासी शाळा होती. तिथून ष्टायगर नावाची टेकडी ओलांडली की ब्लांकेनबुर्ग येतं. फ्रोबेल, बारोप आणि विल्हेल्म मिडेनडोर्फ हे तिघे त्या वाटेने निघाले होते. हे सगळे घरचेच, कारण बारोप आणि मिडेनडोर्फ या दोघांच्याही बायका फ्रोबेलच्या थोरल्या भावाच्या मुली. वाटेत फ्रोबेल पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बोलत होता: या आपल्या सर्वांत धाकट्या अपत्याला एक चांगलं नाव हवं. टेकडीच्या माथ्यावरून खाली ब्लांकेनबुर्ग दिसू लागलं तसा तो गप्प झाला, थबकला, त्याच्या डोळ्यांत चमक आली आणि तो इतक्या मोठ्याने ओरडला की चारी बाजूंच्या डोंगरांतून आवाज परत आला. नाव सापडलं होतं: किंडरगार्टन.

बारोपने ही आठवण बऱ्याच वर्षांनी लिहिली, तेव्हा तिच्यावर थोडी कल्हई चढली असेलही. पण तीन वर्षं नावासाठी अडलेला माणूस डोंगरावर उभा राहून ओरडला, यावर विश्वास ठेवायला काहीच हरकत नाही.

शब्दाची बांधणी अगदी सोपी आहे. 'किंड' म्हणजे मूल, 'किंडर' हे त्याचं अनेकवचन, आणि 'गार्टन' म्हणजे बाग. जर्मन भाषेत दोन नामं जोडून लिहिली की तिसरं नाम तयार होतं, आणि त्याचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. 'किंड' नपुंसकलिंगी, 'गार्टन' पुल्लिंगी, म्हणून अख्खं 'किंडरगार्टन' पुल्लिंगी. एकापेक्षा जास्त असतील तर बागेचंच रूप बदलतं आणि 'किंडरगेर्टन' होतं. इंग्रजांनी हा शब्द घेतला तेव्हा ते व्याकरण जर्मनीतच सोडलं आणि शेवटी आपला 'स' लावून मोकळे झाले.

दोन्ही घटक फार जुने आहेत, आणि मराठी वाचकाचे दूरचे नातलगही आहेत. 'किंड' ज्या मूळ धातूपासून आला त्याचा अर्थ 'जन्माला घालणं'. संस्कृतातला 'जन्' तोच. आपले जन्म, जन, जात हे शब्द त्याच घराण्यातले. 'गार्टन'चा मूळ अर्थ फुलझाडांचा नव्हे, कुंपणाने वेढलेल्या जागेचा. लॅटिनमधला बागेसाठीचा 'होर्तुस', इंग्रजीतला 'यार्ड', 'नोव्हगोरोद' या रशियन शहराच्या नावातला 'गोरोद' हे सगळे त्याच मुळाचे. संस्कृत 'गृह' हाही शब्द भाषाशास्त्रज्ञ याच कुळात बसवतात, आणि 'गृह'चं प्राकृतातून आलेलं मराठी रूप म्हणजे 'घर'. एकाच कुंपणात युरोपाच्या एका टोकाला भाजीचे वाफे राहिले आणि आपल्याकडे माणसं राहायला आली.

मराठी शाळांत समासाचा विग्रह करायला शिकवतात. तोच इथे करून पाहिला तर या शब्दाची खरी ताकद दिसते. किंडरगार्टन म्हणजे मुलांसाठी बाग? की मुलांच्या मालकीची बाग? की जिथे मुलं हीच रोपं आहेत अशी बाग? जर्मन समास यांतलं काहीच ठरवून देत नाही. फ्रोबेलला तिन्ही अर्थ हवे होते आणि तिन्ही त्याने प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न केला. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत हा शब्द देशोदेशी गेला तेव्हा जो तो आपल्याला सोयीचा विग्रह उचलत गेला. शब्दाचा इतिहास पाहायचा तो याच अंगाने.

लहान मुलांना दिवसभर एका जागी ठेवण्याची कल्पना फ्रोबेलची नव्हती. डेटमोल्डमध्ये राजकन्या पाउलिनेने १८०२ सालीच कामकरी आयांच्या मुलांसाठी सोय केली होती. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरणीत रॉबर्ट ओवेनने १८१६ मध्ये शिशुशाळा काढली. कारखाने वाढले, आईबाप दोघंही बारा-बारा तास बाहेर राहू लागले, तशा जर्मन गावांतही अशा संस्था निघाल्या. त्यांना दोन नावं होती. एक 'बेवारआनश्टाल्ट', म्हणजे मुलं सांभाळून, राखून ठेवण्याची संस्था. दुसरं 'क्लाइनकिंडरशूले', म्हणजे लहान मुलांची शाळा. फ्रोबेलला दोन्ही नावं नको होती. मूल हे सांभाळून ठेवायचं गाठोडं नव्हे, आणि तीन-चार वर्षांच्या जिवाला बाकावर बसवून घोकायला लावणंही बरोबर नव्हे, हे त्याचं ठाम मत होतं. म्हणून त्याने 'संस्था' आणि 'शाळा' हे दोन्ही शब्द टाळले. आज बालवाडीला सर्रास 'शाळा' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

बागेची उपमाही त्याच्याआधी कुणालाच सुचली नव्हती असं नाही. हंगेरीत काउंटेस तेरेझ ब्रुन्सविकने १८२८ साली बुडा शहरात मुलांची पहिली संस्था उघडली तेव्हा तिचं नाव 'आंग्यालकेर्त' ठेवलं होतं, म्हणजे देवदूतांची बाग. जर्मन भाषेत तर हा धागा उलट्या दिशेने आधीच विणलेला होता. झाडांची रोपं जिथे वाढवतात त्या जागेला जर्मन माणूस 'बाउमशूले' म्हणतो, म्हणजे झाडांची शाळा. फ्रोबेलने झाडांच्या शाळेवरून मुलांच्या बागेपर्यंतचं अंतर एका पावलात पार केलं.

ते पाऊल त्याच्याकडूनच का पडलं, याचं उत्तर त्याच्या लहानपणात सापडतं. १७८२ साली ओबरवाइसबाख गावच्या पाद्र्याच्या घरी तो जन्मला. वर्ष पुरं व्हायच्या आत आई गेली. वडील कामात बुडालेले, पुढे सावत्र आई आली, आणि मुलाचा बराच वेळ घरामागच्या बागेत जाऊ लागला. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे दोन वर्षं तो झाडं मोजत, ओळखत हिंडला. पुढे फ्रँकफुर्टच्या एका शाळेत शिकवताना आपण याच कामासाठी जन्मलो असं त्याला वाटलं, आणि तिथून तो स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों इथे पेस्टालॉत्सी या थोर शिक्षकाकडे दोन वर्षं राहून आला. १८१२ साली बर्लिनला गेला तो स्फटिकांचा अभ्यास करायला. क्रिस्टियान झामुएल वाइस या नामवंत खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने काम केलं. स्फटिक बाहेरून घडवावा लागत नाही, तो आतल्या नियमाने वाढतो, हे त्याने तिथे रोज पाहिलं. बी आणि स्फटिक या दोन्हींत त्याला एकच तत्त्व दिसलं: वाढ आतून होते, बाहेरच्याने जागा आणि पोषण द्यायचं. बाग हा शब्द त्याच्या तोंडी आला तेव्हा त्यामागे ही सगळी वर्षं होती.

स्फटिकांचा अभ्यास आणखी एका ठिकाणी उमटला. फ्रोबेलने मुलांसाठी जी साधनं बनवली त्यांना त्याने 'गाबे' म्हटलं, म्हणजे देणगी, भेट. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. दुसरीत लाकडाचा गोल, ठोकळा आणि दंडगोल. तिसरी भेट सगळ्यांत सुंदर. हाताच्या मुठीएवढी एक लाकडी पेटी, तिला सरकतं झाकण. झाकण थोडं सरकवून पेटी टेबलावर उपडी ठेवायची, झाकण हळूच ओढून घ्यायचं आणि पेटी वर उचलायची. समोर एक अखंड घन उभा राहतो. मूल बोट लावतं तसा तो घन आठ छोट्या घनांत सुटतो. त्यांची खुर्ची होते, जिना होतो, विहीर होते, नक्षी होते. खेळ संपला की आठही तुकडे पुन्हा एकत्र येऊन घन व्हायचा आणि पेटीत जायचा. पूर्ण वस्तू आधी पाहायची, मग सोडवायची, मग पुन्हा पूर्ण करायची, हा क्रम फ्रोबेल कधी मोडू देत नसे. अमेरिकेचा विख्यात वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट लहानपणी याच ठोकळ्यांशी खेळला होता. त्याच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते पाहिले आणि मुलासाठी आणले. आपल्या बोटांत ते आकार कायमचे राहिले, असं राइट म्हातारपणापर्यंत सांगत असे.

नाव मिळालं आणि त्याच वर्षी, २८ जून १८४० रोजी, ब्लांकेनबुर्गच्या नगरभवनात 'सार्वत्रिक जर्मन किंडरगार्टन'ची स्थापना झाली. त्या दिवशी गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाचा उत्सव चालू होता. फ्रोबेलने तो मुहूर्त मुद्दाम साधला. छपाईने ज्ञान सर्वांपर्यंत गेलं, तसं बालसंगोपन सर्व घरांपर्यंत जावं, ही त्याची मनीषा. पैसे उभे करण्यासाठी त्याने दहा-दहा टालरचे समभाग काढले आणि जर्मन स्त्रियांना ते घेण्याचं आवाहन केलं. जमीन, इमारत, बाग, शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय, सगळं त्यातून व्हायचं होतं. समभाग फारच थोडे खपले. चार-पाच वर्षांत ब्लांकेनबुर्गचं किंडरगार्टन पैशांअभावी बंद पडलं. मुलं जिथे खेळत त्या घरात आता फ्रोबेलच्या नावाचं संग्रहालय आहे.

संस्था अशी कोलमडली, तरी बागेचा आग्रह फ्रोबेलने सोडला नाही. १८५० मध्ये त्याने किंडरगार्टनमधल्या मुलांच्या बागांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि जमिनीची आखणीच करून दिली. बाहेरच्या बाजूला सर्वांचे सामाईक वाफे: एकीकडे फुलझाडं, दुसरीकडे धान्य आणि भाजीपाला. मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, त्यावर त्या मुलाचं नाव. जागा कमी असेल तर दोघांत एक. स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय लावायचं, कधी उपटून पाहायचं, कुठे पाणी जास्त घालायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं. कोंब वर येण्याआधीच माती उकरून पाहणाऱ्या पोराला कुणी रागवायचं नाही. बी मेलं तर का मेलं हे त्यालाच कळेल. सामाईक वाफ्यांत मात्र सगळ्यांनी मिळून, ठरल्याप्रमाणे काम करायचं. एकाचं आणि सर्वांचं यांतलं नातं पाच वर्षांच्या मुलाला भाषणाने कळत नाही, दोन वाफ्यांच्या मधल्या पायवाटेवर उभं राहिलं की कळतं. समासाचा दुसरा विग्रह तो हाच: मुलांच्या मालकीची बाग. आणि पुढे जगभर सगळ्यांत आधी विसरला गेला तोही हाच.

तिसऱ्या विग्रहाने मात्र एका नव्या व्यवसायाला जन्म दिला. मुलं रोपं असतील तर त्यांना माळी हवा. फ्रोबेलने आधी पुरुष शिक्षक तयार करून पाहिले. पुढे त्याने तरुण मुलींना शिकवायला घेतलं, आणि त्यांच्यासाठी शब्द आला 'किंडरगेर्टनेरिन', मुलांची माळीण. घर आणि चर्च यांपलीकडे मध्यमवर्गीय स्त्रीला प्रतिष्ठेने करता येईल असं काम त्या काळी जवळजवळ नव्हतं. या एका शब्दाने हजारो मुलींना घराबाहेर पाऊल टाकायला कारण दिलं. १८४९ साली बाड लीबेनश्टाइन इथे बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलोव ही सरदार घराण्यातली बाई हवापालटासाठी आली होती. गावातल्या पोरांबरोबर नाचणारा, उड्या मारणारा एक म्हातारा वेडा इथे आला आहे असं तिच्या कानावर आलं, आणि ती पाहायला गेली. पाहिलं आणि उरलेलं आयुष्य तिने त्या वेड्याच्या कामाला वाहिलं.

तिची गरज लवकरच लागणार होती. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल ऑटो फॉन राउमर यांनी राज्यातल्या किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण असं देण्यात आलं की ही फ्रोबेलच्या समाजवादी पंथाची शाखा आहे आणि तिच्यामुळे मुलं नास्तिक होतात. पाद्र्याच्या मुलावर, प्रत्येक खेळात ईश्वराचा नियम शोधणाऱ्या माणसावर हा आरोप! घोटाळा नावाचा होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने मुलींचं उच्च शिक्षण आणि किंडरगार्टन यांवर एक पुस्तिका लिहिली होती आणि तो जहाल विचारांचा म्हणून ओळखला जाई. दुसरा पुतण्या युलियुस १८४८ च्या क्रांतीत उघडपणे उतरलेला. राउमर यांना आडनाव पुरलं. फ्रोबेलने खुलासे पाठवले की ते लिखाण आपलं नव्हे. हुकूम मागे घेण्यात आला नाही. त्याने अमेरिकेला निघून जाण्याचाही विचार केला. २१ जून १८५२ रोजी मारियेनथाल इथे तो वारला तेव्हा त्याने घडवलेला शब्द प्रशियात बेकायदा होता. श्वायना गावी त्याच्या थडग्यावर दुसऱ्या भेटीतले तीन आकार दगडात कोरून एकावर एक ठेवले आहेत: घन, दंडगोल आणि गोल. बंदी उठली १८६० साली, आणि ती उठवण्यात मारेनहोल्ट्झ-ब्यूलोवचा मोठा वाटा होता.

बंदी घालताना एक गोष्ट राउमर यांच्या ध्यानीमनी नव्हती. १८४८ ची क्रांती फसल्यावर जे जर्मन परागंदा झाले ते हा शब्द बरोबर घेऊन गेले. बेर्टा रोंगे आणि तिचा नवरा योहानेस यांनी बंदीच्याच वर्षी लंडनमध्ये किंडरगार्टन सुरू केलं. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात १८५५ साली त्यावर लेख आला. बेर्टाची धाकटी बहीण मार्गारेटे शुर्ट्स अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी जाऊन राहिली आणि १८५६ मध्ये तिने आपल्या मुलीसाठी आणि शेजारच्या जर्मन मुलांसाठी घरातच किंडरगार्टन भरवलं. पुढे बोस्टनमध्ये एलिझाबेथ पीबडी या शिक्षणप्रेमी बाईने मार्गारेटेच्या मुलीला पाहिलं. इतकी मोकळी, समंजस पोर कशी घडली याची चौकशी केली, आणि १८६० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन उघडलं. १८७३ साली सेंट लुइसमध्ये सुझन ब्लो यांनी ते सरकारी शाळेच्या इमारतीत नेलं.

शाळेत नेलं, आणि तिथेच शब्दाची दिशा बदलली. अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पाच वर्षांच्या मुलांचा, पहिलीच्या आधीचा शाळेचा वर्ग. फ्रोबेलने शाळेच्या विरोधात निवडलेला शब्द शाळेची पहिली पायरी झाला. पुढे तो आणखी आखडला. तिथल्या संपूर्ण शालेय व्यवस्थेला 'के-ट्वेल्व्ह' म्हणतात, त्यातला 'के' म्हणजे हेच किंडरगार्टन. ष्टायगर टेकडीवर घुमलेल्या शब्दाचं एक अक्षर उरलं. तरी अमेरिकेने तो टाकला नाही हेही विशेष. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयीच्या रागाने 'साउअरक्राउट' या आंबवलेल्या कोबीचं नाव बदलून 'स्वातंत्र्य कोबी' ठेवण्यापर्यंत मजल गेली होती. किंडरगार्टन मात्र तोवर इतकं घरचं झालं होतं की ते तसंच राहिलं.

इतर अनेक भाषांनी शब्द उसना न घेता त्याचा अनुवाद केला. फ्रेंचमध्ये 'जार्दँ दाँफाँ', रशियनमध्ये 'देत्स्की साद', हिब्रूमध्ये 'गान येलादीम', डेनिशमध्ये 'ब्योर्नेहावे'. सगळीकडे मूल आणि बाग. जपानमध्ये १८७६ साली तोक्योच्या महिला अध्यापन विद्यालयाला जोडून पहिलं 'योचिएन' सुरू झालं. त्यातलं 'एन' हे अक्षर बागेचं. तिथली मुख्य शिक्षिका क्लारा मात्सुनो ही जपानी माणसाशी लग्न केलेली जर्मन बाई होती. बोलताना शब्द तुटतो तेव्हा काय उरतं हे पाहणंही मनोरंजक आहे. अर्जेंटिनात मूल 'हार्दिन'ला जातं, म्हणजे नुसत्या बागेत. इस्रायलमध्ये 'गान'ला, म्हणजे तेच. मेक्सिकोत मात्र 'किंडर'ला. एका ठिकाणी मूल गळलं आणि बाग राहिली, दुसरीकडे बाग गळली आणि मूल राहिलं.

खुद्द जर्मनीत आज 'कीटा' हा शब्द जास्त ऐकू येतो. 'मुलांचं दिवसभर थांबण्याचं ठिकाण' अशा अर्थाच्या एका लांब समासाचं ते लघुरूप. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या गरजेला तो नेमका बसतो. पण त्याचा सूर फ्रोबेलने नाकारलेल्या 'बेवारआनश्टाल्ट'च्या जवळचा आहे हे मान्य करावं लागेल. पूर्व जर्मनीत 'किंडरगेर्टनेरिन' हे पद शेवटपर्यंत टिकलं. आता सर्वत्र 'एर्झीयेरिन', म्हणजे शिक्षण-संस्कार करणारी, असं म्हणतात. माळीण गेली. कायद्यात मात्र किंडरगार्टन भक्कम आहे: १९९६ पासून तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा हक्क आहे आणि २०१३ पासून तो एक वर्षावरच्या मुलांनाही लागू झाला. आणि समासाला नवं पातं फुटलं आहे ते 'वाल्डकिंडरगार्टन'चं. 'वाल्ड' म्हणजे जंगल. १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गला अशा पहिल्या संस्थेला सरकारी मान्यता मिळाली. मुलं पावसातसुद्धा झाडांखाली, ओंडक्यांवर, चिखलात दिवस काढतात. उमेदवारीची दोन वर्षं जंगलात काढलेल्या फ्रोबेलला हे नाव नक्की आवडलं असतं.

महाराष्ट्रात हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट इंग्रजी शाळांची. त्या वाटेवर 'किंडरगार्टन'चं 'केजी' झालं आणि मग ज्युनियर केजी, सीनियर केजी असे मजले चढले. पोरगं सीनियर केजीत आहे असं रोज सांगणाऱ्या घरांत त्या 'जी'मध्ये एक बाग आहे हे क्वचितच कुणाच्या मनात येतं. त्याखालच्या वर्गाला 'नर्सरी' म्हणतात, आणि गुलाबाची कलमं घ्यायला जातो तीही नर्सरीच. शब्द एकच, पण मुलांच्या नर्सरीत बहुधा मातीचा हात लागू देत नाहीत.

दुसरी वाट गुजरातमधून आणि डहाणूच्या किनाऱ्यावरून आली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्यांचं शास्त्र मुख्यतः मारिया माँटेसरींचं, फ्रोबेलचं नव्हे. माँटेसरींची साधनं मात्र महाग होती. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि गरीब खेड्यात ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही हे दोघींनी ओळखलं. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या ही त्यांची साधनं झाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांजवळ हललं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी त्याला 'विकासवाडी' म्हटलं. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी 'कुरणशाळा' काढली.

'बालवाडी' हा शब्द 'किंडरगार्टन'च्या शेजारी ठेवला तर दोघांचे सांधे जुळतात. कोकणात वाडी म्हणजे घराभोवतीची नारळी-पोफळीची कुंपण घातलेली बाग, आणि वाडी म्हणजे लहान वस्तीही. 'वाडी'चं मूळ संस्कृत 'वाट', 'वाटिका' यांत आहे, त्याचाही जुना अर्थ कुंपण घातलेली जागा. गार्टन आणि वाडी हे एका मुळाचे शब्द नव्हेत, तरी दोघांनी कुंपणापासून सुरुवात करून बागेपर्यंतचा तोच रस्ता धरला. मराठी शब्दात वस्तीचा अर्थ जास्तीचा आहे आणि बोर्डी-कोसबाडच्या कामाला तो फार शोभला.

कारण तिथे अडचण वेगळीच आली. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. घरची धाकटी भावंडं सांभाळायची, अंगावर कपडा नाही, आणि गावात वावरायची भीती. मग कार्यकर्त्याच वस्तीत जाऊ लागल्या. अंगणातच पोरं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी-गोष्टी सांगायच्या, हातात बिया-खडे द्यायचे. मुलाने वाडीत यायचं नाही, वाडीनेच मुलाच्या अंगणात जायचं. या नव्या समासात 'मूल' हा शब्दच नाही, आहे ती फक्त जागा: अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव दिलं. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तमिळ, कन्नड, मल्याळम, असमिया बोलणाऱ्या गावांतही, थोडाफार उच्चार बदलून, मुलं याच नावाच्या ठिकाणी जातात. या शब्दाचा अनुवाद करायची गरज कुणाला वाटली नाही.